माळ्यावरचा अँटेना आणि एक छोटा सर्व्हर (नोंदी, जानेवारी ते जून २०२५)

११ जानेवारी, शनिवार

केबलचं बिल परत वाढलं. त्यात "ब्रॉडकास्ट टीव्ही फी" अशी एक ओळ असते, ती वाचून दरवेळी डोकं फिरतं, कारण जे चॅनेल हवेतून फुकट येतात त्यांचेच पैसे ही मंडळी वेगळे लावतात. फोन केला, ४० मिनिटं होल्डवर, मग पलीकडून "सर, ती फी आमच्या हातात नाही". म्हटलं ठीकाय, अँटेना तरी माझ्या हातात आहे ना.

तर ठरलं. अँटेना लावायचा, त्याचा सिग्नल एका नेटवर्क ट्यूनरला (सिग्नलमधून चॅनेल काढून घरच्या नेटवर्कवर देणारी डबी) द्यायचा, ट्यूनर घरच्या राउटरला, आणि एक छोटा पीसी रेकॉर्डिंग करणार आणि तीनही टीव्हीला, फोनला वगैरे दाखवणार. मागे एनएएस (घरच्या फाइली ठेवायची नेटवर्कवरची डिस्क) बसवला तेव्हा काहीही लिहून ठेवलं नव्हतं आणि वर्षभराने पासवर्डपासून सगळं परत शोधलं, म्हणून यावेळी नोंदी.

डेडलाइन चिरंजीवांनी दिलीय, ९ फेब्रुवारी, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल. एप्रिलमध्ये आई-बाबा येतायत पुण्याहून सहा महिन्यांसाठी, तोपर्यंत आईला एका रिमोटवर जमेल असं झालं पाहिजे. ही खरी डेडलाइन.

१२ जानेवारी, रविवार

नकाशावर बघितलं. आमच्या एडिसनहून (न्यू जर्सी) वन वर्ल्ड ट्रेड सेंटर सरळ रेषेत साधारण २५ मैल, एम्पायर स्टेट बिल्डिंग २७. न्यूयॉर्कचे बहुतेक मोठे चॅनेल या दोन इमारतींच्या डोक्यावरूनच येतात आणि आपल्याकडून दोन्ही जवळपास एकाच दिशेला, ५५-५७ अंश, म्हणजे अँटेना एकदा वळवला की झालं. गंमत म्हणजे फिलाडेल्फियाचे टॉवर बरोब्बर पाठीमागे, ५५ मैलांवर. त्यांच्या नादी लागायचं नाही असं आत्ताच लिहून ठेवतो, कारण मी लागणार हे मला माहितीय.

दुसरं म्हणजे चॅनेलचे नंबर खोटे असतात. टीव्हीवर २ दिसतो (सीबीएस) तो खरं तर ३६ नंबरच्या फ्रिक्वेन्सीवर येतो, ४ (एनबीसी) येतो ३५ वर. १२ जून २००९ ला इथले मोठे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद झाले, मग ३८ ते ५१ हा पट्टा मोबाइल कंपन्यांना विकला आणि २०२० पर्यंत उरलेल्यांना खाली सरकवत बसले, पण लोकांच्या डोक्यात जुने नंबर बसलेले म्हणून वरची पाटी तीच ठेवली. आपल्याकडे कसं, पेठेचं नाव बदलत नाही, माणसं सगळी बदलली तरी. एबीसीचा ७ मात्र खरोखरच ७ वर आहे, पिक्स नावाच्या स्टेशनचा ११ ही ११ वरच. म्हणजे हे व्हीएचएफ, लांब लाटा, आणि बाजारात मिळणारे खिडकीला चिकटवायचे पातळ कागदी अँटेने इथेच झोपतात.

१८ जानेवारी, शनिवार

सामान आलं. लूप टाइपचा अँटेना (दोन गोल वेटोळी, इंग्रजी ८ सारखी, आणि व्हीएचएफसाठी मागे एक आडवी दांडी), एचडीहोमरन फ्लेक्स क्वाट्रो म्हणजे चार ट्यूनर, एन१०० वाला मिनी पीसी १६ जीबी रॅमचा, ४ टीबीची डिस्क, ५० फूट आरजी-६ केबल, कंप्रेशन कनेक्टर आणि ते दाबायचं हत्यार. सगळं मिळून केबलच्या चार-साडेचार महिन्यांच्या बिलाएवढं.

४के वाला ट्यूनर मुद्दाम नाही घेतला. एटीएससी म्हणजे इथल्या हवेतल्या डिजिटल टीव्हीचं मानक, त्यातलं नवीन ३.० चांगलं आहे म्हणतात पण बऱ्याच स्टेशनांनी त्यावर कुलूप घातलंय, एन्क्रिप्शन, आणि आवाजही एसी-४ मध्ये, जो अर्ध्या सॉफ्टवेअरना कळत नाही. हवेतून फुकट येणाऱ्या गोष्टीला कुलूप लावायचं हे काही मला झेपत नाही. जुन्या १.० मध्ये चित्र एमपेग-२ आणि आवाज एसी-३, कुठेही चालतं.

आमचं टाउनहाउस, छप्पर असोसिएशनचं (म्हणजे आपल्याकडची सोसायटी), म्हणून माळ्यावर लावतोय. माळ्यावर जायचं म्हणजे कपाटाच्या वरचं झाकण उचलून शिडी, वर फायबरग्लासचं इन्सुलेशन, एका तुळईवरून दुसऱ्या तुळईवर बेडकासारखं. पाय चुकला तर थेट बेडरूमच्या सीलिंगमधून खाली. बायको खाली शिडी धरून उभी, दर दोन मिनिटांनी "आहात ना?"

१९ जानेवारी, रविवार

काल फोनच्या होकायंत्रावर ५६ अंश लावून अँटेना वळवला होता. चॅनेल आले, पण एनबीसी सारखा अडकत होता. आज डोक्यात प्रकाश पडला: फोनचं होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवत होतं आणि नकाशावरचा आकडा खऱ्या उत्तरेचा. न्यू जर्सीत हा फरक १२-१३ अंशांचा आहे, पश्चिमेकडे, म्हणजे होकायंत्रात ६८-६९ दिसायला हवं होतं. शाळेत भूगोलात शिकलो होतो, मार्कही मिळाले होते. परत माळ्यावर, परत बेडूक.

वळवल्यावर एचडीहोमरनच्या पानावर तीन आकडे बघायचे: सिग्नल स्ट्रेंग्थ, सिग्नल क्वालिटी, सिम्बॉल क्वालिटी. पहिला आकडा फसवा. तिसरा १०० असलाच पाहिजे, ९९ सुद्धा म्हणजे चित्रात चौकोन येणार. दुसरा किती श्रीमंत यावर पावसात काय होईल ते ठरतं. एनबीसी ७१ वरून ८८ वर गेला आणि थांबला तिथे. ६० च्या आसपास चॅनेल आले सगळे मिळून, त्यातले निम्मे टेलिशॉपिंग आणि काळे-पांढरे वेस्टर्न.

२५ जानेवारी, शनिवार

सर्व्हर. हा भाग मला सोपा वाटत होता आणि होताही. डेबियन (लिनक्स), त्यावर डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या खोक्यात चालवायची सोय), त्यात जेलीफिन, म्हणजे टीव्ही दाखवणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर. प्लेक्सही बघितलं पण त्यात लाइव्ह टीव्हीचं रेकॉर्डिंग पैसे भरल्याशिवाय नाही, जेलीफिन पूर्ण फुकट.

अडकलेल्या दोन जागा लिहून ठेवतो. एक, डॉकरच्या आतून ट्यूनर आपोआप सापडत नाही, कारण तो जी हाक मारतो ती डॉकरच्या भिंतीपलीकडे जात नाही. सरळ ट्यूनरचा आयपी टाकायचा, आणि राउटरमध्ये तो आयपी कायमचा बांधून ठेवायचा, नाहीतर लाइट जाऊन आली की सगळं बंद. दोन, इंटेलचं क्विकसिंक (व्हिडिओचं काम चिपमधल्या ग्राफिक्सकडून करून घेणं) चालू करताना ग्राफिक्स वापरायची, म्हणजे रेंडर ग्रुपची, परवानगी द्यायची राहिली तर माझा जेलीफिन गुपचूप सीपीयूवर सगळं काम करत बसला, एक शब्द बोलला नाही, फक्त पंखा घोंघावायला लागला. पंख्यामुळेच कळलं.

गाइडसाठी (कुठला कार्यक्रम कधी, ती यादी) शेड्यूल्स डायरेक्टची वर्षाची वर्गणी भरली. फुकट प्रोजेक्टमधला हा एकच चालू खर्च. अँटेनातूनही गाइड येतं, पण थोड्याच तासांचं आणि प्रत्येक स्टेशन आपल्या मर्जीने भरतं, त्यावर पुढच्या आठवड्याची सीरियल कशी लावणार.

हिशोब: एटीएससीचा एक चॅनेल म्हणजे सेकंदाला एकूण १९.३९ मेगाबिट, त्यात मुख्य चॅनेल आणि त्याची पिल्लं (सोबतचे छोटे चॅनेल) वाटून घेतात. मुख्य चॅनेलला १५ मिळाले तर तासाला पावणेसात जीबी. ४ टीबीत ५५०-६०० तास. आपल्याला कोण एवढं बघतंय.

२ फेब्रुवारी, रविवार

आज स्वतःच्या पायावर धोंडा मारला. सगळं नीट चालू असताना वाटलं, केबल ५० फूट, पुढे स्प्लिटर (एक वायर थेट मोठ्या टीव्हीला, एक ट्यूनरला, इथेच साडेतीन डेसिबल गेले), तर एक प्रीअँप्लिफायर (सिग्नल वाढवणारी डबी) लावू. लावला. सिग्नल स्ट्रेंग्थ १००! मी खुश. आणि क्वालिटी ८८ वरून ६१, निम्मे चॅनेल गायब, फॉक्स तर नावालाही नाही. सुपर बोल फॉक्सवर आहे, एका आठवड्यावर.

दोन तास डोकं खाजवल्यावर समजलं की २५ मैलांवरून येणारा सिग्नल आधीच तगडा आहे, त्यात जवळपासची एफएम रेडिओ स्टेशनं पण अँटेना पकडतोच, अँप्लिफायरच्या तोंडात एवढं कोंबलं की तो गुदमरला आणि त्याने सगळ्याचा काला करून पुढे ढकलला. लग्नातल्या मांडवात स्पीकरचा आवाज फुल केला की गुरुजींचा एकही मंत्र कळत नाही, तसं. अँप्लिफायर काढून डब्यात. परत ८८. एफएम फिल्टर लावून परत करून बघता येईल पण आता हात लावणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

झाला सुपर बोल. ईगल्स ४०, चीफ्स २२. घरात ११ माणसं, एक पातेलं पावभाजी.

मोठ्या टीव्हीला थेट अँटेनाची वायर दिली होती, वरच्या खोलीतल्या मुलांना सर्व्हरमधून. खाली टचडाउनची बोंब आधी, वर दहाएक सेकंदांनी. मुलं चिडली, शेवटी सगळी खाली आली. पण शेजारी स्ट्रीमिंगवर बघत होता, त्याची बोंब तर आमच्या वरच्या मजल्याच्याही मागून येत होती. हवेतून येणारं सगळ्यात आधी पोचतं हे डोळ्यांनी, म्हणजे कानांनी बघितलं. चिरंजीव म्हणाला, "बाबा, इट वर्क्स." पंधरा वर्षांच्या मुलाकडून हे म्हणजे पद्मश्रीच.

३ मार्च, सोमवार

काल ऑस्कर. एबीसीवर ७ वाजता सुरू. बायकोची रात्री मीटिंग होती म्हणून रेकॉर्डला लावलं आणि मी छाती फुगवून सांगितलं, तू निवांत बघ उद्या. आज संध्याकाळी ती चहा घेऊन बसली, तीन तास झाले आणि १० वाजता फाइल खलास. पुढची फाइल १०:०३ ची, मधलं गेलं, आणि दुसऱ्या फाइलचा शेवट पण नाही कारण तिला ठरलेल्या वेळेला थांबायचं होतं आणि कार्यक्रम लांबला.

शेवट लांबला ते समजू शकतो, जेलीफिनमध्ये नंतरची ३० मिनिटं जास्त घेण्याची सोय आहे, मी लावली नव्हती. पण १० वाजता का तुटलं? लॉग बघितला तर गेले महिनाभर रोज बरोब्बर १० ला सर्व्हर रीस्टार्ट होतोय. कोण करतंय? मीच! २५ जानेवारीला मी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं करणारं पीसीचं वेळापत्रक) लिहिलं होतं की रोज पहाटे ३ ला अपडेट करून रीस्टार्ट कर, आणि पीसीचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, ठेवलेलं. यूटीसीचे पहाटेचे ३ म्हणजे आपले आदल्या रात्रीचे १०. प्राइम टाइमच्या ऐन मध्यावर. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही कारण महिनाभरात १० नंतरचं कुणी काही लावलंच नव्हतं.

टाइमझोन दुरुस्त, रीस्टार्ट फक्त रेकॉर्डिंग चालू नसेल तरच, शेवटाला ३० मिनिटं जादा. बायको आता "तुमचा सर्व्हर" असं म्हणतेय. आधी "आपला" होता.

१५ मार्च, शनिवार

जाहिराती. कॉमस्किप नावाचा प्रोग्रॅम आहे, तो रेकॉर्डिंग तपासून जाहिराती कुठे ते ओळखतो: मध्ये काळी फ्रेम आली का, आवाज क्षणभर गेला का, कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो नाहीसा झाला का. जेलीफिनमध्ये रेकॉर्डिंग संपल्यावर एखादी स्क्रिप्ट चालवायची जागा आहे, तिथे लावून दिला.

पहिला उत्साह म्हणून कापूनच टाकत होतो. मग पीबीएस या सार्वजनिक चॅनेलवरच्या नोव्हा या विज्ञान मालिकेचा एक भाग अर्धाच उरला. पीबीएसवर मध्ये जाहिराती नसतातच, पण अंतराळातले सीन, काळंकुट्ट आकाश, मध्ये शांतता, कॉमस्किपला वाटलं ही सगळी जाहिरातच. ब्रह्मांड कापून टाकलं त्याने. आता कापत नाही, फक्त चॅप्टरच्या खुणा करतो आणि बघताना बटण दाबून पुढे जायचं. रेकॉर्डिंगच्या टीएस फाइलमध्ये चॅप्टर ठेवता येत नाहीत म्हणून एमकेव्ही फाइलमध्ये गुंडाळतो, चित्राला हात न लावता. पीबीएसला पूर्ण सूट.

८ एप्रिल, मंगळवार

काल सीबीएसवर कॉलेज बास्केटबॉलची फायनल. खेळाडू पळाला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात, आणि फोनवर तर झटके देत पळत होते, जुन्या मूकपटासारखे. सुपर बोलला हे नव्हतं. कारण: फॉक्स आणि एबीसी ७२०पी पाठवतात, सेकंदाला ६० पूर्ण चित्रं. सीबीएस, एनबीसी १०८०आय, म्हणजे एकदा सम ओळी एकदा विषम ओळी, ६० अर्धी चित्रं. जेलीफिन दोन अर्ध्यांचं एक करून ३० चित्रं देत होता. सेटिंगमध्ये डीइंटरलेस करताना (अर्ध्यांची पूर्ण चित्रं करताना) फ्रेमरेट दुप्पट करा अशी एक टिकमार्क आहे, ती लावली, लोणी. एन१०० वर काही ताण नाही. भिंतीच्या मीटरवर एरवी सगळं मिळून ११-१२ वॅट, वर्षाला १०० युनिटच्या आसपास.

२६ एप्रिल, शनिवार

आई-बाबा येऊन आठवडा झाला. जेटलॅग उतरला. आईला रिमोट दिला आणि ती संध्याकाळी ७ ते ८ एबीसीची झाली: ७ ला जेपर्डी (हे तिला फारसं झेपत नाही, फार भराभर विचारतात म्हणते), साडेसातला व्हील ऑफ फॉर्च्यून, हे मात्र शब्दकोड्यासारखं, ती सकाळी पेपरातलं सोडवायची त्यातलंच. इंग्रजी म्हणी तिला माझ्याआधी येतात हे मला नवीन होतं.

बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर, त्यांना टीव्हीत रस नाही, वायरीत आहे. पहिल्याच दिवशी विचारलं, "अँटेना कुठाय?" माळ्यावर नेणं शक्य नाही, फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "ही तर जिलेबी आहे. दांड्या कुठायत?" पुण्यात आमच्या गच्चीवर जो होता तो हातभर लांब अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांचा, सिंहगडाकडे तोंड करून, कारण १९७३ पासून पुण्याचं टीव्ही तिथूनच. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, त्याचाच कार्यक्रम सिंहगडावरून पुढे फेकायचे. चपटी पट्टी वायर, आणि कावळे बसून बसून एक दांडी कायम वाकलेली.

४ मे, रविवार

एनबीसी तुटतोय. फॉक्सही. काल डर्बीच्या वेळी ऐन शर्यतीत घोडे चौकोनी झाले. जानेवारीपासून कशाला हात लावलेला नाही, केबल तीच, कनेक्टर तेच. आकडे: एनबीसी ८८ होता तो ६४, सिम्बॉल क्वालिटी मधेच ९० ला आपटतेय. एबीसी ७ मात्र ठणठणीत.

सकाळभर कनेक्टर सोडले, लावले. बाबा डेकवर चहा पीत बसले होते, म्हणाले, "अँटेना कुठल्या बाजूला बघतो?" मी हात केला. त्यांनी त्या हाताच्या दिशेने बघितलं, मीही बघितलं. शेजारच्या आवारातला भला मोठा मेपल. जानेवारीत खराटा होता, आता हिरवागार, एक भोक नाही. ओली पानं यूएचएफ, म्हणजे एनबीसी-फॉक्सच्या आखूड लाटा, खातात. लांब लाटांचा ७ नंबर त्यातून बिनधास्त येतो, त्याला झाडाचं काही पडलेलं नाही.

थोडक्यात मी हिवाळ्यात माप घेऊन उन्हाळ्याचा सदरा शिवला.

१० मे, शनिवार

डेकच्या डाव्या कोपऱ्यातून मेपल आणि पुढच्या ओकच्या मधून एक फट दिसते, बरोबर ईशान्येला. तिथे कठड्याला खांब बांधून अँटेना बाहेर काढायचा. प्रश्न असोसिएशनचा. गेल्या वर्षी एकाने बाहेर तोरण ठेवलं फेब्रुवारीपर्यंत तर त्याला पत्र आलं होतं. मी आधीच ईमेल टाकली, उत्तर आलं: बाहेरून दिसणारी कुठलीही उपकरणं चालणार नाहीत.

पण इथे कायदा आपल्या बाजूने आहे. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स अ‍ॅक्टवरून एफसीसीने (इथलं दूरसंचाराचं सरकारी नियामक मंडळ) नियम केलाय, ओटार्ड म्हणतात त्याला, की लोकल टीव्ही पकडायचा अँटेना घरमालकाने स्वतःच्या एकट्याच्या वापरातल्या जागेत लावला तर असोसिएशन अडवू शकत नाही. छप्पर सगळ्यांचं, तिथे हा नियम चालत नाही. डेक माझा एकट्याचा, तिथे चालतो. सुरक्षिततेच्या अटी घालू शकतात, दिसायला वाईट म्हणून नाही म्हणू शकत नाहीत. नम्रपणे, नियमाच्या नंबरसकट उत्तर लिहिलं. बाबांनी वाचून शेवटी "आपला नम्र" घाल म्हटलं. घातलं नाही, पण भाव तोच.

१७ मे, शनिवार

उत्तर दोन ओळींचं: नीट बांधा, अर्थिंग करा. जिंकलो.

२४ मे, शनिवार

मेमोरियल डेचा लाँग वीकेंड. सकाळी ८ ला सुरू केलं. खांब म्हणजे सव्वा इंची पाइप, कठड्याच्या खांबाला दोन यू-बोल्ट. अर्थिंग: खांबापासून १० गेजची तांब्याची वायर, कोअ‍ॅक्सला घरात शिरायच्या आधी ग्राउंड ब्लॉक, दोन्ही मीटरजवळच्या मूळ अर्थ वायरला. अर्थसाठी दुसरीच सळई ठोकून मोकळी सोडायची नाही, ती घराच्या अर्थला जोडलेलीच पाहिजे, हे बाबांनी तीनदा सांगितलं. नशीब मीटर त्याच भिंतीवर.

कनेक्टर बाबांनीच केले. माझे मी जानेवारीत केलेले त्यांनी एक सोलून बघितला आणि काही बोलले नाहीत, फक्त आतल्या तांब्याच्या तारेवर चिकटलेला पांढरा फेसाचा पातळ पापुद्रा नखाने काढून मला दाखवला. तो राहिला की तार लागते पण लागत नाही. मग जाळी मागे कशी वळवायची, एकही केस मधल्या तारेला शिवता कामा नये, मधली तार तोंडाबाहेर किती यायला हवी, सगळं. ७४ वर्षांच्या माणसाचा हात जराही हलत नव्हता.

मग वळवणं. लहानपणी मी खाली टीव्हीसमोर आणि बाबा गच्चीवर, "आलं का?", "आलं... गेलं!" आज उलट, मी खांबाशी आणि बाबा खुर्चीत फोन घेऊन. गंमत अशी की जुनी पद्धत इथे चालतच नाही. तेव्हा मुंग्या कमी झाल्या, जास्त झाल्या हे लगेच दिसायचं, मुंग्यांवरून अंदाज घेत घेत जाता यायचं. डिजिटलला मुंग्या नाहीत. एक तर लख्ख चित्र नाहीतर काहीच नाही, आणि जे काय ते दोन-तीन सेकंद उशिरा, म्हणजे "आलं" म्हणेपर्यंत आपण पुढे गेलेलो. मी पहिल्यांदा घाईघाईने फिरवत होतो तर बाबा म्हणाले, "अरे थांब, आकडा अजून सरकतोय." मग त्यांनी पद्धत लावली. खांबावर पेन्सिलने खुणा, एका खुणेवर एक मिनिट, माझ्या मुलाच्या वहीत तक्ता: खूण, एनबीसी, सीबीएस, फॉक्स, ७, ११. सव्वा तास लागला. सगळ्यात चांगली खूण एनबीसीसाठी वेगळी आणि ११ साठी वेगळी, मधली धरली.

शेवटचे आकडे: एनबीसी ९३, सीबीएस ९०, फॉक्स ९१, पिक्स ८४, एबीसी ७९. सिम्बॉल सगळीकडे १००. पानं असताना. आता हिवाळ्यात काही वाढलं तर नफा.

२५ मे, रविवार

फिलाडेल्फिया पकडायचा प्रयत्न केला. दोन तास. दोन चॅनेल, दोन्ही टेलिशॉपिंग. १२ जानेवारीची नोंद वाचावी.

५ जून, गुरुवार

नवीन भूत. एबीसी रोज संध्याकाळी ७ च्या सुमाराला तुटायला लागतो आणि साधारण ८ ला आपोआप बरा होतो. फक्त ७ नंबर, बाकी सगळे मस्त. नेमके आईचे दोन कार्यक्रम. दुपारी ७९, संध्याकाळी ५२. आई म्हणाली, "त्यांच्याकडेच काहीतरी बिघडत असेल." मीही आधी तेच धरून चाललो होतो. मग वाटलं संध्याकाळी हवा बदलते, विमानं, काय काय वाचलं.

७ जून, शनिवार

सापडलं, आणि शोधायला लागलं काय, तर बाबांचा खिशातला ट्रान्झिस्टर. पुण्याहून आणलाय, सकाळी त्यावर काही लागत नाही तरी जवळ असतो. ७ ला आकडा पडल्याबरोबर त्यांनी तो एएमवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि घरभर फिरायला लागले, डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन फिरतात तसे. हॉलमध्ये नुसती खरखर. जिन्यात खरखर. किचनच्या दारात आले आणि ट्रान्झिस्टर भुंग्यासारखा गुणगुणायला लागला. ओट्यावरच्या कपाटाखाली नेला तर किंचाळलाच.

कपाटाखालची एलईडीची पट्टी. तिचा तो छोटा काळा अडॅप्टर. आई ७ ला स्वयंपाकाला लागते, पट्टी लावते, ८ ला जेवायला बसतो तेव्हा बंद करते. तो स्वस्तातला अडॅप्टर १७४ ते १८० मेगाहर्ट्झमध्ये म्हणजे नेमका ७ नंबरच्या जागेत कचरा ओकत होता, आणि डेकवरचा अँटेना आता किचनच्या भिंतीपासून जेमतेम आठ फुटांवर. माळ्यावर होता तेव्हा लांब होता म्हणून मे महिन्यापर्यंत कळलं नाही. ही पट्टी मीच लावली होती, दिवाळीच्या सेलमध्ये.

आईने पट्टी बंद केली, आकडा ७९. चालू, ५१. बंद, ७९. चिरंजीवाला एवढी मजा आली की त्याने वीसेक वेळा करून बघितलं.

१४ जून, शनिवार

दुसरा चांगला अडॅप्टर, त्याच्या वायरवर दोन फेराइटचे मणी अडकवले. पट्टी चालू असताना ७७. बस.

२२ जून, रविवार

एनबीए (बास्केटबॉल) फायनलचा सातवा सामना, एबीसीवर रात्री ८ ला. थंडर १०३, पेसर्स ९१. किचनची पट्टी मुद्दाम चालू ठेवली, मायक्रोवेव्ह लावला, डिशवॉशर लावला. तीन टीव्ही, एक फोन, वर रेकॉर्डिंग. एक चौकोन नाही.

डिस्क बघितली तर एका मालिकेचे ३५ भाग साठलेत, शंभरेक जीबी, एकही उघडलेला नाही. व्हील ऑफ फॉर्च्यून. आईसाठी एप्रिलमध्ये लावलेलं, जाहिरातींच्या खुणांसकट. तिला विचारलं, आई, अगं एवढं रेकॉर्ड होतंय, रात्री निवांत बघत जा ना, मधल्या जाहिराती पण बघायला लागत नाहीत, हे बटण दाबलं की पुढे.

ती म्हणाली, "जाहिराती नसल्या तर भाजी कधी परतू?"

मालिकेचं रेकॉर्डिंग बंद केलं.